पारंब्यांतला हात

गार्डन रीच, कोलकाता
९ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना विनीताचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि मला तुमचं रडणं ऐकवत नाही. तेव्हा पत्रच लिही, असं अण्णा म्हणाले. शिवाय तुम्हाला फोटो हातात धरून बघायचाय, मोबाइलच्या काचेवर नाही. म्हणून हे पाकीट.

पोलिसांनी सारंगचा कॅमेरा परत दिला. त्या सकाळी नेमकं काय झालं, हे तुम्ही सारखं विचारता, म्हणून एकदाच सगळं लिहिते. पुन्हा लिहायला लावू नका.

जानेवारीतला रविवार होता. धुकं इतकं, की समोरच्या इमारतीचे दिवे तेवढे दिसत होते. सारंग कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला. मेटियाब्रुजच्या घाटावरून लाँच पकडायची, हुगळी ओलांडायची, पलीकडे शिवपूरच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या त्या अवाढव्य वडापाशी जायचं आणि नाश्त्याला परत यायचं. रेल्वेने बदली करून आम्हाला इथे पाठवलं तेव्हापासून ही त्याची रविवारची पूजाच होती. तुमचा मुलगा देवळात कधी गेला नाही. मी चिडवायचे, एकाच झाडाचे किती फोटो काढशील रे? तर म्हणायचा, "तिथे कुणीतरी आहे असं वाटतं, विनू. कोण ते माहीत नाही, पण बरं वाटतं."

मी गॅलरीत उभी होते. वळणावर तो थांबला, मागे वळला आणि नेहमीसारखा हात केला, म्हणजे आत जा, थंडी आहे. मी आत गेले. बस, एवढंच.

कॅमेरा वडासमोरच्या बाकावर सापडला, पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला. पोलिस म्हणतात, पायऱ्या उतरून नदीपाशी गेला असेल. इथे समुद्राची भरती भिंतीसारखी नदीत शिरते, तिला बान म्हणतात. बानाने ओढून नेलं असेल, असं त्यांचं म्हणणं. पण कॅमेरा मागे ठेवून सारंग नदी बघायला कशाला जाईल?

कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो छापून पाठवतेय. काल खालच्या मजल्यावरच्या शकुनभाभींना घेऊन मी तिथे जाऊन आले. आई, या वडाला खोडच नाही! मूळ खोड किडलं म्हणून शंभर वर्षांपूर्वी कापून काढलं. मधे मोकळी जागा आहे, आणि भोवती पारंब्यांचं जंगल. खोड नाही तरी झाड जिवंत आहे, वाढतंच आहे. मी खूप वेळ बघत बसले.

क्वार्टर जूनअखेर सोडायचंय. आभा म्हणते, "आई, पुण्याला माझ्याकडे ये." पण सारंग परत आला तर कुठल्या दाराशी येईल?

तुमची,
विनीता


कराड
१८ फेब्रुवारी

चि. सौ. विनीता, अनेक आशीर्वाद.

पाकीट मिळालं. फोटो मी भिंगाखाली धरून सबंध दुपार बघितला. हे म्हणाले, "डोळे फुटतील." म्हटलं, फुटू देत, नाहीतरी आता काय बघायचं राहिलंय?

सारंगने काढलेल्या फोटोत डावीकडे, पारंब्यांच्या मधे, हिरवं काहीतरी आहे. बाईमाणसाएवढं उंच. शेवाळ असेल म्हणतात हे. पण खालच्या अंगाला बारीक तांबडी रेघ आहे. शेवाळाला तांबडा काठ असतो का गं?

दुसरं. माझा मुलगा पाण्यात गेलेला नाही. कोयनेच्या डोहात पोहायला शिकलेला तो. आईचं मन सांगतं ते पोलिसांच्या कागदात नसतं. तू क्वार्टर सोडायचं नाहीस. साहेबांना भेट, मुदत वाढवून घे. आभाला काय कळतं? पोर आहे.

आणि तिथे जात जा. त्याच बाकावर बस. त्याचाच कॅमेरा घे, फोटो काढ आणि मला पाठव. तुला जमत नाही म्हणू नकोस. पुरणपोळीसुद्धा जमत नाही म्हणत होतीस, पण आता माझ्यापेक्षा बरी करतेस. (हे मी पहिल्यांदा आणि शेवटचं लिहिलंय.)

जेवत जा.

आई


गार्डन रीच
१६ मार्च

ती. आईंना नमस्कार.

तुमची आज्ञा शिरसावंद्य. पहिले फोटो सगळे हलले. एकात तर माझाच अंगठा आला. मग शकुनभाभींच्या पुतण्याने मोबाइलवरून शिकवलं, श्वास सोडून झाला की बटण दाबायचं. आता बरे येतात.

तुम्ही पाठवलंत म्हणून मी जाऊ लागले, पण आता माझी मीच जाते. तिथे एक खंड्या आहे. रोज त्याच फांदीवर बसतो. त्याचा फोटो काढायचा तर आपल्याला गप्प बसावं लागतं. पाय हलवायचा नाही, मनातसुद्धा काही बोलायचं नाही. जानेवारीपासून माझ्या डोक्यात जी चक्की चालू आहे ना, ती तिथे थांबते. मग पानांतून ऊन खाली उतरतं, एकेक पारंबी उजळत जाते. घरी देवापुढे बसले की मला भांडावंसंच वाटतं. तिथे वाटत नाही.

हिरवं म्हणजे शेवाळच असणार. तांबडी रेघ म्हणजे वाळलेलं पान. मी जाऊन बघितलं, त्या जागी आता काही नाही.

मी काढलेला वडाचा फोटो पाठवतेय. बाकावर बसून, जसा त्याने काढला अगदी तसाच.

तुमची,
विनीता


कराड
२७ मार्च

चि. सौ. विनीता,

आजच टपालात पडायला हवं म्हणून घाईचं अक्षर आहे. सांभाळून घे.

तू काढलेल्या फोटोत सारंग आहे.

मधल्या अंधाराच्या जरा उजवीकडे, एक जाड पारंबी आहे, तिच्यामागे. अर्धा दिसतो. मान किंचित डावीकडे कललेली. सारंगची मान जन्मापासून तशी आहे. पाळण्यात असताना मी मोहरीची उशी करून दिली होती, तरी सरळ झाली नाही. ही मान मी चुकेन का?

यांना दाखवला. म्हणाले, "पारंबी आहे ती, पुष्पा. मनी वसे ते स्वप्नी दिसे." आणि चष्मा पुसत बाहेर गेले. आभाला सांगू नकोस. मुलं आपल्याला डॉक्टरकडे नेतात.

पुन्हा फोटो काढ. लवकर पाठव.

आई


गार्डन रीच
२० एप्रिल

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस फोटो बघितलाच नाही. मग बघितला. मला पारंबीच दिसली, आई. खरंच.

पण तुमच्याशी लपवाछपवी करायची नाही असं ठरवलंय, म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी मी बाकावरून ती जागा शोधली. ती जाड पारंबी आहे. तिच्यामागे, जिथे तुम्हाला मान दिसते, तिथे दुसरी पारंबी नाही. नुसती मोकळी जागा आहे. मग फोटोत जे आहे ते काय?

परवा कालबैशाखी आली. दुपारीच अंधार झाला, वारा सुटला. इथल्या या वादळात झाडं मुळासकट पडतात. लोक फाटकाकडे पळाले. मी बाकावरच बसून राहिले. वडाचं एक पानसुद्धा गळलं नाही. आतून, मधल्या रिकाम्या जागेतून गार हवा येत होती, धुक्याच्या वासाची. एप्रिलमध्ये, आई! माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी इतकं शांत वाटलं, की मी डोळे मिटून घेतले. सारंग म्हणायचा ते "कुणीतरी" मला त्या दिवशी कळलं. म्हणजे कोण ते नाही कळलं. आहे एवढंच कळलं.

वादळानंतर काढलेला फोटो पाठवतेय. यात काय दिसतं ते सांगा. मी भिंग घेतलेलं नाही. धीर होत नाही.

तुमची,
विनीता


कराड
२ मे

चि. सौ. विनीता,

या खेपेला पूर्ण दिसतो. पारंबीच्या पुढे आलाय. चेहरा अंधारात आहे, पण उजवा हात वर आहे, छातीपर्यंत, पंजा खाली वाकवलेला. बोलावतोय गं तो. ये म्हणतोय. आपण लांबून कुणाला बोलावताना करतो तसाच हात.

त्याला बाहेर येता येत नसेल. कुणी धरून ठेवलं असेल, आजारी असेल, स्मरण गेलं असेल. तू जवळ जा. फोटोत कुंपण दिसतं, पण कुंपणाला कुठेतरी वाट असतेच.

आई

ता. क. विनीता, हे मी, दत्तात्रय. तिची नजर चुकवून खाली चार ओळी लिहितोय. तिने जेवणाच्या टेबलावर फोटो मांडलेत. मला त्यात झाडाखेरीज काही दिसत नाही. पण ती टेबलाशी बसते, म्हणून चार घास तरी खाते. बुडत्याला काडीचा आधार. फोटो पाठवत राहा. मात्र तू स्वतःला सांभाळ. – अण्णा


गार्डन रीच
२९ मे

ती. आईंना नमस्कार.

मला हात दिसला. फोटोत नाही, कॅमेऱ्याला डोळा लावलेला असताना. डोळा काढला की काही नाही. पुन्हा लावला की आहे.

मी आता जवळजवळ रोज जाते. लाँचवरचे लोक ओळखतात, "बोउदी", म्हणजे वहिनी, म्हणून जागा देतात. तिथे बसले की भूक लागत नाही, तुमची, आभाची कुणाची आठवण येत नाही. घरी आले की ती शांतता अंगावरून उतरते आणि मग परत जावंसं वाटतं.

आज वेगळीच गोष्ट झाली. हा वड कुंपणात मावत नाही, काही पारंब्या रस्त्याच्या बाहेर येऊन रुजल्यात. त्यातल्या एका पारंबीला सूत गुंडाळलेलं दिसलं. पांढरं, हळद लावलेलं, नवंकोरं. खाली कुंकू आणि एक आंबा. आपली वटपौर्णिमा १० जूनला. इथल्या बंगाली बायका हे व्रत करताना मी पाहिल्या नाहीत, आणि आपली मराठी माणसं इकडे कुणी फिरकत नाहीत. मग पौर्णिमेआधी हे कुणी बांधलं? सुताला हात लावला तर ओलं होतं. फोटो पाठवतेय.

तुमची,
विनीता


कराड
३ जून

चि. सौ. विनीता,

स्पष्ट लिहिते, रागावू नकोस.

वडाला सूत बाईमाणूसच गुंडाळतं, आणि नवऱ्यासाठी गुंडाळतं. पौर्णिमेच्या आधी, गुपचूप, त्याच झाडाला. विचार कर. सारंग तिथेच आसपास आहे आणि त्याच्यासाठी व्रत करणारी दुसरी कुणीतरी आहे. तुझ्या आधी नंबर लावून मोकळी झाली.

तुला हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. मीही बाई आहे. पण मी आधी त्याची आई आहे. दुसरी असेल तर असू दे. कुठल्याही जातीची, कुठल्याही भाषेची असू दे. मी तिची ओटी भरीन. तो जिवंत असू दे, बास.

पौर्णिमेला तू जा आणि रीतसर पूजा कर. पहिला हक्क तुझा आहे. कुरिअरने साडी पाठवलीय, इरकल. दुकानात ढीगभर काढल्या होत्या, पण हीच डोळ्यांत भरली. नेसूनच जा.

आई


गार्डन रीच
८ जून

ती. आईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी ताट आपटलं. मग हसले. मग पोटभर रडले. आई, तुम्हाला दुसरी सून चालली असती! आणि खरं सांगू? ताट घासताना मलाही वाटलं, असू दे. असती तरी चाललं असतं.

पण नाही हो. शकुनभाभींना सुताचा फोटो दाखवला तर त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे, ये तो हम लोगों ने बाँधा था!" त्या पाटण्याच्या. त्यांच्याकडे वटसावित्री अमावास्येला करतात, आपल्या आधी पंधरा दिवस. हावड्याच्या त्यांच्या बहिणीबरोबर जाऊन आल्या होत्या. व्रत एकच, तिथ्या दोन, आणि आपण दोघींनी बिचाऱ्या सारंगचा दुसरा संसार थाटून दिला.

बालीगंजच्या नेहाताई दरवर्षी मराठी बायकांना पूजेला बोलावतात, कुंडीत वडाची फांदी लावून. यंदा त्यांचा फोन आला. "विनीता, पौर्णिमेला..." म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. ये म्हणावं की नाही, त्यांना कळेना. मीच म्हटलं, मला जमणार नाही. मी सवाष्ण आहे की नाही हे मला तरी कुठे माहीत आहे?

म्हणून परवा मी मोठ्या वडापाशीच जाणार. साडी मिळाली. सुरेख आहे.

कुंपणाची जाळी एके ठिकाणी वाकलेली आहे. माणूस सहज जाईल. आत जाऊन, जिथे खोड होतं तिथे उभं राहायचं, असं मी ठरवलंय. तो बोलावतोय असं तुम्हीच म्हणता. सुताचा उलगडा झाला, हाताचा नाही झाला. मला भीती वाटत नाही, आई. हेच तुम्हाला कळवायचं होतं. अजिबात वाटत नाही.

तुमची,
विनीता


कराड
११ जून

विनीता,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पौर्णिमा काल होऊन गेली. यांनी लगेच फोन लावला. तू "बरी आहे, आईंना पत्र लिहिते" म्हणालीस म्हणे. मला "बरी आहे" नको. काय झालं ते सगळं लिही.

काल संध्याकाळी मी भिंग घेऊन बसले होते. सगळे फोटो टेबलावर ओळीने लावले होते. सारंगचा शेवटचा फोटो हातात घेतला आणि भिंग गळून पडलं. ते हिरवं, तो खालचा तांबडा काठ. अगं, ती इरकल आहे! तुला पाठवलेली! फोटो जानेवारीतला, साडी मी जूनमध्ये आणली. हे म्हणतात, "चार महिने तोच फोटो बघत होतीस, म्हणून दुकानात तोच रंग उचललास." असेल. देव करो आणि तसंच असो.

पण पारंब्यांच्या आत ती साडी नेसून कुणीतरी उभं आहे, आणि ती साडी नेसवून मीच तुला तिथे धाडलं. जवळ जा म्हणाले. कुंपणाला वाट असते म्हणाले. माझी जीभ झडली कशी नाही!

ऐक. मला आता फोटो नको. तो दिसला नाही तरी चालेल. एक गेला तो गेला. दुसरं माणूस मी त्या झाडाला देणार नाही. तू माझ्या पोटची नाहीस, पण सारंगच्या पाठोपाठ तूही गेलीस तर मी कुणासाठी उठायचं सकाळी? त्या जाळीजवळ जाऊ नकोस. तुला सारंगची शपथ आहे.

आई


गार्डन रीच
१६ जून

ती. आईंना नमस्कार.

मी घरी आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. कुकर लावलाय. आधी हे वाचा, मग पुढचं.

पौर्णिमेला शकुनभाभी माझ्याबरोबर आल्या. गुडघे दुखतात म्हणून बाकावर बसून राहिल्या. आभाळ भरलेलं होतं, उकाड्याने जीव नकोसा झाला होता. मी तुमची साडी नेसले होते. बाहेरच्या पारंबीला, भाभींच्या सुताशेजारी, माझं सूत गुंडाळलं. हात जोडले आणि तिथेच अडले. सात जन्म हाच नवरा दे, हे मागता येईना. त्याला आयुष्य दे, हेही येईना. मग म्हटलं, जिथे असेल तिथे त्याला निवांत ठेव. एवढंच सुचलं.

मग कॅमेऱ्याला डोळा लावला. पक्षी गप्प झाले. खंड्यासुद्धा उडून गेला.

तो होता. मधल्या रिकाम्या जागेत उभा होता, भोवती धुकं. त्याच्याही डोळ्याला कॅमेरा होता, आणि तो माझ्याकडे रोखलेला होता. आम्ही एकमेकांचे फोटो काढत उभे होतो, आई. मग त्याने कॅमेरा खाली घेतला. मान डावीकडे कललेली. तुमची मोहरीची उशी आठवली मला.

मी कॅमेरा बाकावर ठेवला. पट्टा गुंडाळून ठेवला. गुंडाळताना कळलं, त्यानेही असाच ठेवला असणार. आता मला कॅमेऱ्याशिवायसुद्धा तो दिसत होता. मी वाकलेल्या जाळीपाशी गेले, एक पाय आत टाकला.

तेव्हा त्याने हात वर केला. तुम्ही फोटोत पाहिलात तोच हात, पंजा खाली वाकवलेला. पण तुम्ही हात पाहिलात, हलताना पाहिला नाहीत. फोटोत हात हलत नाही. म्हणून आपल्याला वाटलं, ये म्हणतोय. आई, तो ये म्हणत नव्हता. बोटं बाहेरच्या बाजूला हलत होती. जशी वळणावरून हलायची. आत जा, थंडी आहे.

त्या उकाड्यात मी कुडकुडत होते. मी त्याच्याकडे बघितलं, पोटभर बघितलं. मग पाय मागे घेतला. रडत बाकाशी आले तर भाभी पदर घट्ट ओढून बसलेल्या, म्हणतात, "इतनी ठंडी हवा कहाँ से आई?" त्यांना दुसरं काही दिसलं नाही.

निघताना मी एकच फोटो काढला. तो पाठवतेय. हा शेवटचा.

तुमचं ११ तारखेचं पत्र आल्यावर मी त्याच्या शेवटच्या फोटोची माझ्याकडची प्रत बघितली, पहिल्यांदाच भिंगातून. ते शेवाळ नाही. मी उभी आहे, हातात कॅमेरा. कसं ते मला विचारू नका. पण मी एवढंच धरून ठेवलंय, की त्या धुक्यात शेवटी त्याला मी दिसले. म्हणून त्याने कॅमेरा खाली ठेवला. पुढे नदी होती की काय होतं, मला माहीत नाही. पण तो एकटा नव्हता.

देव आहे का, हे मी आजही सांगू शकत नाही. तिथे कुणीतरी आहे आणि ते आपलं वाईट करणारं नाही, एवढं मला माझ्या डोळ्यांनी कळलंय. आता घरातल्या देवाशी भांडण नाही.

मुदत वाढवून मागितली नाही. सामान बांधतेय. आधी कराडला येते, मग आभाकडे. सारंग कुठल्या दाराशी येईल, हा प्रश्न आता उरला नाही. आणि आई, शपथ घालायची गरज नव्हती. त्यानेच घातली होती.

तुमची,
विनीता


कराड
२३ जून

चि. विनीता, अनेक आशीर्वाद.

मायन्यात काय राहिलं ते तुझ्या लक्षात आलं असेल. विसरून राहिलेलं नाही. "सौ." लिहायला पेन टेकवलं होतं, मग उचललं. लिहून झालं आणि मी बराच वेळ पदरात तोंड घालून बसले. पण हात थांबवला तो मीच.

तुझं पत्र वाचताना एक गोष्ट आठवली आणि मी कशी विसरले याचंच नवल वाटलं. सारंगला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला गेले होते. बाकीची पोरं भोकाड पसरून रडत होती. हा आत गेला, मान वाकडी करून मागे बघितलं आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मला त्याने असाच हात केला. तू जा आता. मी आहे इथे बरा. पुढे कित्येक दिवस रोज असाच करायचा. तो हात मी सगळ्यांत आधी पाहिलेला, आणि मीच त्याला बोलावणं समजले. आशा माणसाला आंधळं करते बाई.

शेवटचा फोटो मिळाला. भिंग लावून बघितला, उजेडात नेऊन बघितला, उलटा करून बघितला. झाड आहे. पारंब्या आहेत. मधे रिकामी जागा आहे. दुसरं काही नाही. मला वाईट वाटलं नाही. शाळेच्या फाटकातून पोर आत गेलं की अंगण असंच दिसतं.

तो फोटो मी यांच्यासमोर ठेवला आणि चहा टाकायला आत गेले. पत्रात तू काय लिहिलंस ते यांना अजून सांगितलं नव्हतं. शाळेचंही नाही. चहा घेऊन आले तर हे फोटोकडे बघत बसलेले, चष्मा काढून. यांना आजवर कधी झाडाखेरीज काही दिसलं नव्हतं, तुला ठाऊक आहे.

मी दारातच उभी राहिले. यांनी हळूच उजवा हात वर केला, आणि फोटोतून कुणी जा म्हटल्यासारखी, "बरं, जातो" अशी मान हलवून हात केला.

मी जवळ गेले. चहा दिला.

गाडी कळव. हे स्टेशनवर येतील. येताना कॅमेरा आण, आपल्या परसातल्या फणसावर यंदा भारद्वाज बसायला लागलाय.

आई